त्यांची उत्तरं तुम्ही देऊ नका

भातकुली तालुक्यातले शेतमालक, मजुरांच्या टोळ्या आणणारे मुकादम, जनगणनेचं काम ज्यांच्या गळ्यात पडणार आहे ते गुरुजी, आणि घाट चढून मेळघाटात आपापला धर्म पोचवणारी सगळ्या रंगांची मंडळी, हा इशारा तुम्हा चौघांना आहे. देणारे आम्हीही याच तालुक्यातले, हरभरा पेरणारे. आमची संघटना नाही, लेटरहेड नाही, अध्यक्ष तर नाहीच. त्यामुळे कुणाला फोन करून आम्हाला गप्प बसवता येईल या भ्रमात राहू नका.

मेळघाट तिकडे, भातकुली इकडे, आपला काय संबंध, असं पहिलं उत्तर येईल. संबंध फेब्रुवारीचा आहे. 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च 2027 लागेल ती मध्यरात्र या जनगणनेची संदर्भवेळ आहे. 2011 नंतर पहिल्यांदा माणसं मोजली जाणार, आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा प्रत्येकाची जात लिहिली जाणार. घरं आधी मोजतात. माणसांची मोजणी फेब्रुवारीत. आता फेब्रुवारीतलं आपलं शिवार डोळ्यापुढे आणा. खारपाणपट्टा आपला. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, म्हणून पावसाच्या ओलीवर हरभरा काढायचा. तो सगळ्यांचा एकाच वेळी सोंगणीला येतो आणि गावात माणूस मिळत नाही. मग मुकादमाला फोन जातो आणि धारणी-चिखलदऱ्याकडून गाडी भरून येते. नवरा, बायको, पाठीशी बांधलेलं लेकरू, एक गंज, पिठाचं गाठोडं, कधी पाय बांधलेली कोंबडी. धुऱ्यावर नाहीतर गोठ्याच्या आडोशाला ताडपत्री ताणतात आणि होळीपर्यंत तेच घर.

म्हणजे मेळघाटातल्या कितीतरी कोरकू आदिवासी कुटुंबांना मोजणीवाला तिकडे भेटणारच नाही. तो आपल्या शेतात भेटणार. आणि तेव्हा काय होईल तेही सांगतो, कारण आपली रीत आम्हाला ठाऊक आहे. प्रगणक मोबाईल काढून उभा राहील. कोरकू माणूस विळा खाली ठेवून उठेल, नाव सांगेल. पुढचं सगळं मालक सांगेल, मोटारसायकलवरून न उतरता.

‘जात?’

‘आदिवासी लिवा.’

‘जमात कोणती?’

‘मेळघाटातले आहेत थे. कोरकूच असतीन.’

‘धर्म?’

‘हिंदूच न भाऊ, अजून काय राह्यते!’

‘मातृभाषा?’

‘हिंदी टाका. हिंदीच बोलते आपल्यासंग.’

दोन मिनिटांत कुटुंब उरकलं. कुणी वाईट हेतूनं काही केलं नाही. मालकाला काम खोळंबलेलं नको होतं, गुरुजींना पुढचं घर गाठायचं होतं. पण देशाच्या दप्तरात एका माणसाची भाषा गेली आणि देव कोणता ते परक्यानं ठरवलं. हेच बंद करा म्हणून हा इशारा.

आधी भाषेचं. तो तुमच्याशी हिंदी बोलतो हे खरं आहे. कोरकूत बोलून त्याला मजुरी कोण देणार? रात्री ताडपत्रीखाली काय बोलतात तिकडे कान द्या. ती हिंदी नाही, मराठी नाही, शेजारच्या गोंडीशीही तिचं नातं नाही. ती मुंडा कुळातली भाषा. तिच्या बहिणी म्हणजे संथाली, मुंडारी, हो, आणि त्या नांदतात झारखंड-ओडिशा-बंगालकडे. त्या कुळाचं सगळ्यात पश्चिमेचं ठाणं म्हणजे आपला सातपुडा. 2001 च्या गणनेत 5,74,481 लोकांची मातृभाषा कोरकू नोंदली गेली, 2011 मध्ये 7,27,133 लोकांची. यातले बरेच लोक मध्य प्रदेशातले. आकडा वाढतोच आहे, मग ओरड कसली, असं एखादे गुरुजी विचारतील. गुरुजी, युनेस्कोनं तिला तरीही धोक्यातल्या भाषांत धरलं आहे, आणि आकडा कशाला लागतो हे तुमच्याहून चांगलं कुणाला माहीत? पहिलीच्या वर्गात कोरकू समजणारा शिक्षक द्या, असं मागायला गेलं की साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, बोलणारी मुलं किती? घटनेच्या 350 अ कलमानं प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीसाठी झटायचं काम राज्यावर टाकलं आहे. ते मागण्याचा कागद आपण आपल्याच शेतात फाडतो आहोत.

त्यात आडनावांचा घोळ. कासदेकर, बेठेकर, मावसकर, भिलावेकर, जांभेकर. मेळघाटातला जांभेकर ऐकून पुण्याचा माणूस त्याला ‘दर्पण’काराच्या घराण्यातला समजेल. आडनाव मराठी वाटलं की प्रगणकाचं बोट आपोआप मराठीवर जातं. ते जाऊ देऊ नका.

आता धर्माचं, आणि इथे आम्ही काय म्हणतो ते नीट ऐकून घ्या. ऐकण्याआधीच अंगावर येणारे पुष्कळ आहेत.

कोरकू हिंदू नाहीत, असं आमचं म्हणणं नाही. ते हिंदूच आहेत, असंही नाही. ते सांगणारे आम्ही कोण? 1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ छापला, त्यात कोरकूंची जन्मकथा आहे. रावणाला सातपुडा ओसाड दिसला. त्यानं महादेवाला साकडं घातलं की इथे माणसं वसव. महादेवानं कावळ्याला वारुळाची लाल माती शोधायला धाडलं. त्या मातीची एक बाई आणि एक पुरुष घडवला. पण इंद्राचे घोडे येऊन ते पुतळे तुडवू लागले, म्हणून महादेवानं मातीचा कुत्रा केला. कुत्रा भुंकला, घोडे पळाले, पुतळ्यांत जीव आला. ते मुला आणि मुलाई, कोरकूंचे आईबाप.

या गोष्टीत महादेव आहे म्हणून एक गट ती उचलून धरतो. रावण मागणी करणारा आणि इंद्र मोडतोड करणारा आहे म्हणून दुसरा गट उचलून धरतो. ती पुरी कुणालाच पचत नाही. होळीला फगव्याच्या दिवसांत मेळघाटात मेघनादाचा खांब पूजतात, आणि दसऱ्याला आपण त्याच्या बापाला फटाके भरून जाळतो. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात. सूर्य-चंद्र हे गोमेज. गावाच्या कडेला दगडांत बसलेला मुठवा गाव राखतो. पूजेला भूमका लागतो, भटजी नव्हे. वाघ हा कुला मामा. माणूस गेला की सिडोली करतात. त्याच्या नावानं लाकडाचा खांब घडवतात, त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेला माणूस कोरतात आणि वाजतगाजत नेऊन रोवतात. गेलेला त्या खांबाच्या रूपानं पितरांत जातो. हे सगळं करणारा माणूस श्रावणात धारगडच्या महादेवालाही जातो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. वाटावं असा आग्रह आपला आहे, त्याचा नाही.

हा आग्रह जुना आहे. इंग्रजांनी शिरगणतीत अशा लोकांसाठी ‘ॲनिमिस्ट’ नावाचा रकाना ठेवला होता. 1931 ला त्याचं ‘जमातींचा धर्म’ झालं आणि 1951 च्या गणनेत तो रकानाच गेला. मधल्या काळात, 1943 मध्ये, मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये, मूळचे मालवणचे, यांनी पुस्तक लिहून आदिवासींना ‘मागास हिंदू’ ठरवलं. समोर व्हेरिअर एल्विन उभे होते, आदिवासींना सांभाळून वेगळं ठेवा म्हणणारे. वाद मोठा झाला, अजून विद्यापीठांत शिकवला जातो. बोलणारे दोघेही बाहेरचे. घुर्ये मराठी होते म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. पण त्यांचं ते एक मत आपल्या अंगात इतकं भिनलं आहे की शेताच्या धुऱ्यावर, ज्यानं घुर्यांचं नावही ऐकलेलं नाही, तो मालकसुद्धा तेच बोलतो: हिंदूच न भाऊ.

दुसऱ्या बाजूनं मिशनरी आले. एकोणिसावं शतक संपता संपता अचलपूर-चिखलदऱ्याकडे त्यांनी ठाणं दिलं. त्यांना कोरकूंचा देव बदलायचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण 1903 साली कोरकूचं व्याकरण छापलं ते जॉन ड्रेक या पाद्र्यानं, कलकत्त्याला. धर्म बदलायला आलेल्या माणसाला आधी त्यांची भाषा शिकावी लागली. आपण तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आपलं काम हिंदीवर भागत होतं.

ही रीत इंग्रजांहूनही जुनी आहे, आणि तिचा माग आपल्याच गावाच्या नावात लागतो. भातकुलीला स्वतःला भोजकट म्हणवून घ्यायला फार आवडतं. रुक्मिणीचं हरण झालं, भाऊ रुक्मी हरला, हरलेल्या तोंडानं कौंडिण्यपूरला परतायचं नाही म्हणून त्यानं नवं नगर वसवलं, ते हे. इथल्या आदिनाथाच्या मूर्तीचाही संबंध लोक रुक्मीशीच जोडतात. आपल्याकडे जैनांच्या या देवाला जैन नसलेलेही हात जोडतात आणि त्यापायी कुणी कुणाची जात काढत नाही. कथा कथेच्या जागी राहू द्या. भोजकटाचा लेखी पुरावा मात्र पक्का आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं भोजकट राज्यातलं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं. चर्मांक म्हणजे अचलपूरजवळचं चमक. ताम्रपट तिथेच सापडला. साम्राज्य असंच पसरतं. पोथी जाणणारी माणसं नेऊन जमिनीवर बसवायची, मग भोवतालचे देव एकेक करून त्या पोथीत दाखल होतात. यात तलवार काढावी लागतेच असं नाही.

पण त्या ताम्रपटातली पुढची ओळ आपल्याला कुणी शाळेत सांगितली नाही. दान अटींवर आहे. राज्याशी द्रोह करू नये, चोरी आणि व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, आणि इतर गावांचं वाईट करू नये. यातलं काही केलं किंवा करणाऱ्याला संमती दिली, तर राजानं जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. देणारा सम्राट, घेणारे ब्राह्मण, आणि तरी तांब्यावर कोरून ठेवलं की शेजारच्या गावांना हात लावाल तर उठवून लावू. त्या शेजारच्या गावांत कोण राहत होतं ते ताम्रपट सांगत नाही. आज कोण राहतं ते आपल्याला दिसतं.

प्रचारकांना वेगळं बजावतो. धर्म सांगायला आणि घ्यायला घटनेचं 25 वं कलम मोकळीक देतं. त्यात आम्ही पडत नाही. कोरकूनं उद्या बाप्तिस्मा घेतला तर ख्रिस्ती लिहा, माळ घातली तर हिंदू लिहा. पण खोटं सांगून घाबरवणं बंद. ‘ख्रिस्ती लिहिलं तर जमातीचा दाखला जाईल’ हे खोटं आहे. 1950 च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. ती अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. दोन्हींची सरमिसळ करून जी भाषणं ठोकली जातात ती अडाणीपणानं ठोकतात असं आम्ही मानत नाही. आणि ‘हिंदू लिहिलं तर वनहक्काचा पट्टा मिळणार नाही’ हेही तितकंच खोटं. पट्टा जमीन कसण्यावर आणि वहिवाटीवर मिळतो, देवावर नाही.

कुणी म्हणेल, तुम्हाला त्यांच्या अंधश्रद्धा जपायच्या आहेत. तान्ह्या पोराचं पोट फुगलं की तापल्या लोखंडानं डागतात, त्याला मेळघाटात डंबा म्हणतात. तो थांबलाच पाहिजे, आणि थांबवायला डॉक्टर लागतो, तोही कोरकू समजणारा. डंबा बंद करायच्या नावाखाली मुठव्याला शेंदूर फासून वर दुसऱ्या देवाची पाटी लावायची, हे दुसरंच काम आहे. त्याचा पोराच्या पोटाशी काही संबंध नाही.

अकोल्याकडच्या मंडळींनीही हसू नये. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावं उठवून अकोट तालुक्यात वसवली, मग आणखी गावं उठली. माणसं, गुरं, कवेलू गाडीत आले; मुठवा आणि पितरांचे खांब जंगलातच राहिले. 2017 मध्ये आणि पुन्हा 2019 च्या सुरुवातीला पुनर्वसित गावांतली माणसं परत जंगलात शिरली, केलपाणीला पोलीस आणि वनखात्याशी झटापट झाली. सोयी मिळाल्या नाहीत ही त्यांची तक्रार होती, आणि ती खरी होती. पण सोयींच्या यादीत देवाची जागा कुठल्या सरकारी तक्त्यात बसते, हे आम्हाला अजून कुणी दाखवलेलं नाही.

तर आता काय करायचं ते सांगतो.

मालकांनो, प्रगणक धुऱ्यावर आला की तुम्ही लांब व्हा. टोळीतल्या माणसाला विचारलं तर टोळीतला माणूस बोलेल. त्या दिवशी अर्धा दिवस मोडला तरी मजुरी कापायची नाही. घरातल्या बाईलाही बोलू द्या. तिची मातृभाषा तिच्या नवऱ्यालाही ठरवता येत नाही, तुम्हाला कुठून येणार?

मुकादमांनो, तुमची टोळी कुठल्या गावच्या कुठल्या शेतावर उतरली आहे याची यादी 31 जानेवारी 2027 पर्यंत तहसील कार्यालयात गेली पाहिजे. नाहीतर ही माणसं तिकडे ‘बाहेरगावी’ म्हणून सुटतील आणि इकडे ‘आमच्या गावची नाहीत’ म्हणून सुटतील. शेतात राहणारा माणूस वस्तीच्या नकाशात नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. टोळीमागे कमिशन घेता ना, मग एवढी यादी जड नाही.

गुरुजी, 2011 च्या गणनेत प्रगणकाला सूचनाच होती: धर्म माणूस सांगेल तो लिहायचा, वाद घालायचा नाही, जमातीवरून किंवा भाषेवरून धर्म ओळखायचा नाही. सहा धर्मांना आकडे होते; सातवं काही सांगितलं तर ते नाव पूर्ण लिहायचं होतं. त्या वेळी देशभर असं दुसरं नाव लिहिलेले 79 लाखांवर होते, त्यातल्या 49 लाखांवर लोकांनी ‘सरना’ लिहायला लावलं. पुढे 2020 मध्ये झारखंड विधानसभेनं सरनासाठी स्वतंत्र रकान्याचा ठरावच केला. आकाश कोसळलं नाही. तुम्हाला कोरकू येत नसेल तर टोळीत शाळा शिकलेलं एखादं पोरगं असतंच, त्याला मध्ये घ्या. लिहिलेलं वाचून दाखवा आणि मगच पुढे जा.

प्रचारकांनो, फेब्रुवारीभर टोळ्यांच्या ताडपत्रीपाशी सत्संग नको, प्रार्थनासभा नको, ‘अमुकच लिहा’ची पत्रकं नकोत. अकरा महिने तुमचे आहेत.

न ऐकाल तर काय, तेही ऐका. 1948 च्या जनगणना कायद्याचं 11 वं कलम वाचा. जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्या प्रगणकाला एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. जाणूनबुजून खोटं उत्तर देणाऱ्याला दंड, आणि त्यात मोटारसायकलवरचा मालकही येतो. खटल्याला राज्य सरकारची आधी मंजुरी लागते. आम्ही ती मागू. तक्रार तहसीलदाराकडे जाईल, पोच घेऊन. हजार रुपयांचा दंड तुम्ही खिशातून काढून फेकाल, हेही आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून दुसरं. ज्या शेतावर मालकानं मजुराची उत्तरं दिली, त्या शेताचं आणि टोळी आणणाऱ्याचं नाव आम्ही घाटावरच्या गावांत कळवू. धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र आहे. तिथल्या ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि ओळख राखण्याचा अधिकार 1996 च्या पेसा कायद्यानं दिलेला आहे, आणि कुणाच्या शेतावर जायचं नाही हे ठरवायला तर कायदाही लागत नाही. पुढच्या सोंगणीला तुमचा फोन जाईल आणि गाडी येणार नाही. कम्बाइन आणू म्हणणाऱ्यांनी आपल्या शेतात काय पेरलंय ते आधी पाहावं. जाकी 9218 हा वाण निमपसरा, ताठ उभा वाढत नाही. मशीन वरचे घाटे नेईल आणि खालचे तुमच्याच वावरात झाडून ठेवील.